साडेनऊचा संदेश

दिवेलागण होऊन बराच वेळ झालेला असतो. गल्ल्यातील रोकड मोजून रोजमेळाशी ताडली जात असते, नोकर बाहेर मांडलेला माल आत घेत असतो, घरी वडीलधाऱ्यांचा चौविहार केव्हाच आटोपलेला असतो. अशा वेळी मालकाच्या मोबाइलवर एक संदेश उमटतो. मागील महिन्याचे बिल अद्ययावत न झाल्यामुळे आपला वीजपुरवठा आज रात्री साडेनऊ वाजता खंडित करण्यात येईल, तरी तत्काळ आमच्या वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधावा, असा त्याचा आशय असतो. खाली दहा अंकी मोबाइल क्रमांक असतो. घड्याळात पावणेनऊ झालेले असतात.

२०२२ मध्ये या आशयाचे संदेश महाराष्ट्रातील वीजग्राहकांना मोठ्या संख्येने येऊ लागले आणि महावितरणला पुन्हा पुन्हा जाहीर निवेदने काढून ग्राहकांना सावध करावे लागले. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या बाजारपेठांना वीज महावितरणचीच. त्यामुळे येथील दुकानदार, आडते, जिनिंगवाले या सर्वांच्या दृष्टीने हा संदेश परका नव्हता. तोच मजकूर थोड्याफार फरकाने इतर राज्यांतही फिरत होता. मजकूर बहुधा मोडक्यातोडक्या इंग्रजीत असे. वाचणाऱ्याचे लक्ष मात्र व्याकरणाकडे जात नसे, ते जाई घड्याळाकडे.

ही वेळ विचारपूर्वक निवडलेली असते. रात्री वीज कार्यालय बंद, बिलभरणा केंद्र बंद, बँकेची शाखा बंद. ज्याला विचारून खात्री करावी असा ओळखीचा माणूस कार्यालयात नाही. हाताशी उरतो तो संदेशातच दिलेला क्रमांक. गळाला आमिष लावून मासा पकडण्याच्या कृतीवरून या प्रकाराला इंग्रजीत ‘फिशिंग’ हे नाव पडले आणि एसएमएसद्वारे केलेल्या फिशिंगला ‘स्मिशिंग’ म्हणू लागले. येथे आमिषाच्या जागी धाक आहे, एवढाच भेद.

पुढे काय घडते, ते क्रमाने पाहिले पाहिजे. कारण फसवणूक एका क्षणात होत नाही, ती पायरीपायरीने होते आणि प्रत्येक पायरीवर थांबता येते. दिलेल्या क्रमांकावर फोन केला की पलीकडून अत्यंत सभ्य भाषेत बोलणारा ‘अधिकारी’ भेटतो. बिल भरल्याचे दुकानदाराने सांगितले तर तो वाद घालत नाही. “आपण भरलेच असेल, परंतु प्रणालीत नोंद दिसत नाही, केवळ दहा रुपये भरून नोंद अद्ययावत करावी लागेल,” असे तो म्हणतो. दहा रुपये ऐकून मनावरचा ताण उतरतो. त्यानंतर एक अ‍ॅप उतरवून घेण्यास सांगितले जाते. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्विकसपोर्ट ही त्यासाठी वापरली गेलेली नावे. ही अ‍ॅप मुळात चोरांची नव्हेत. दुरून दुसऱ्याच्या यंत्राची दुरुस्ती करता यावी म्हणून ती निघाली आणि कित्येक पेढ्यांवर टॅलीचा माणूस नागपुरात बसून याच साधनाने हिशेबाची अडचण सोडवून देतो. म्हणूनच हे नाव ऐकून व्यापाऱ्याला शंका येत नाही. ते त्याच्या परिचयाचे असते.

अ‍ॅप सुरू होऊन पडद्यावर आलेला सांकेतिक क्रमांक फोनवर सांगितला, की मोबाइलचा पडदा जसाच्या तसा पलीकडच्या माणसाला दिसू लागतो. मग दहा रुपये भरण्यासाठी कार्डाचा क्रमांक, मुदत, मागील तीन अंक टाकले जातात आणि ते सर्व तो वाचतो. दहा रुपये जातातही. त्यानंतरचा ओटीपी कोणी विचारत नाही. विचारण्याची गरजच उरलेली नसते, कारण तो पडद्यावर उमटताच त्यालाही दिसतो. “मी ओटीपी कोणालाच सांगितला नव्हता,” असे फसलेला ग्राहक पोटतिडकीने सांगतो, तेव्हा तो पुष्कळदा खरेच बोलत असतो. एनीडेस्कच्या अशा गैरवापराविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

लाखोंची उलाढाल करणारा, कापसाच्या गाठीत बोटे घालून धाग्याची प्रत सांगणारा, समोरच्या गिऱ्हाइकाची ऐपत चालण्यावरून ओळखणारा मनुष्य या संदेशाला कसा फसतो, याचे नवल वाटते. लोभामुळे फसतो, असे उत्तर सर्रास दिले जाते. लॉटरीच्या किंवा दामदुपटीच्या संदेशांपुरते ते खरेही असेल, पण या संदेशात लाभाचे एक अक्षर नाही. येथे मनुष्य फसतो तो आपल्या एका गुणामुळे. देणे वेळेवर देण्याची सवय हे व्यापारी घराचे भांडवल असते. ‘आपले बिल थकले’ हे शब्द अशा घरात नुसती सूचना ठरत नाहीत, ते पतीला लागलेला डाग ठरतात. आणि डाग लगेच पुसण्याची घाई होते. ज्याला थकबाकीचे काहीच वाटत नाही, त्याच्यावर हा गळ चालत नाही. शिवाय १ ऑगस्ट २०२३ पासून महावितरणच्या लघुदाब ग्राहकांना बिलाची रोख रक्कम एका मर्यादेपर्यंतच भरता येते. शेतीपंपाची जोडणी सोडल्यास ती मर्यादा ५,००० रुपये आहे. दुकानाचे बिल याहून मोठे असल्यास मोबाइल किंवा संगणक हाती घ्यावाच लागतो.

कायद्याचे एक कलम माहीत असते तर त्या रात्री पुष्कळांना शांत झोप लागली असती. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीपोटी पुरवठा तोडण्यापूर्वी ग्राहकाला किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. पाऊण तासाच्या सूचनेवर वीज तोडण्याचा अधिकार कोणालाही नाही. (वादळी पावसाच्या रात्री लाइनमनची वाट पाहिलेल्या कोणालाही, साडेनऊच्या ठोक्याला कोणी आपल्यासाठी खांबावर चढेल हे तसे पटायला नको होते.) बारा अंकी ग्राहक क्रमांक बिलावर असतोच, तो टाकून महावितरणच्या अधिकृत अ‍ॅपवर थकबाकी आहे की नाही हे दोन मिनिटांत दिसते, आणि १९१२ हा क्रमांक रात्रीही लागतो.

संदेशावर विश्वास ठेवून पैसे देण्याचा प्रश्न व्यापाऱ्यांना मोबाइलमुळे प्रथमच पडला, असे नाही. पूर्वी कापसाच्या हंगामात रोकड घेऊन प्रवास करणे धोक्याचे असे. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात घेतले जात होते. अशा दूरदूरच्या व्यापारात पैशाऐवजी कागद फिरत असे आणि तो कागद म्हणजे हुंडी. दूरच्या गावच्या पेढीवर एक अनोळखी मनुष्य चिठ्ठी घेऊन येतो आणि हजारो रुपये मागतो. ते द्यावेत की नाही? आजच्या संदेशाने उभा केलेला प्रश्न हाच आहे.

त्या पेढ्यांनी शोधलेली उत्तरे फार विचाराची होती. हुंडीत रक्कम अंकात आणि अक्षरात लिहीतच, शिवाय तिचे निम्मे किती आणि त्याची दुप्पट किती हेही लिहीत. एक हजाराच्या पुढे एक शून्य वाढवणाऱ्याला पाचशेची दुप्पट बदलता येत नसे. शाहजोग हुंडीची रक्कम वाटेल त्या माणसाच्या हाती पडत नसे. बाजारातील एखाद्या प्रतिष्ठित सावकारामार्फत, म्हणजे ‘शाहा’मार्फतच ती वटे आणि पुढे हुंडी खोटी निघाल्यास रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शाहावर येई. हुंडी हरवली तर ‘पेठ’, तीही हरवली तर ‘परपेठ’ अशी दुसरी-तिसरी प्रत काढण्याची रीत होती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हुंडी लिहिणारी पेढी ज्या पेढीवर ती लिहिली असेल तिला वेगळे पत्र पाठवून अमुक रकमेची हुंडी लिहिली आहे, असे कळवत असे. हुंडी एका वाटेने येई, तिची खबर दुसऱ्या वाटेने. हुंडी घेऊन आलेल्या माणसालाच “ही खरी ना?” असे विचारून पैसे देणारा मुनीम कोणत्याही पेढीवर टिकला नसता.

साडेनऊच्या संदेशाला बळी पडलेल्याने नेमके तेच केलेले असते. त्याने खात्री करून घेतली नाही, असे म्हणता येत नाही. त्याने फोन केला, चौकशी केली, शंका विचारल्या. पण त्या सर्व शंका हुंडी घेऊन आलेल्यालाच विचारल्या. संदेशाने जी वाट दाखवली ती सोडून, संदेश येण्यापूर्वीच आपल्याजवळ असलेल्या वाटेने खात्री करावयाची, या एका रीतीत बचावाचा बहुतेक भाग येऊन जातो. बँकेचा क्रमांक पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला असतो. विजेची माहिती जुन्या बिलावर असते. तेथून क्रमांक घ्यावा. इंटरनेटवर ‘ग्राहक सेवा क्रमांक’ म्हणून शोधून मिळालेल्या क्रमांकावरही विसंबू नये, कारण चोरांनी तेथेही आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात.

संदेश कोणी पाठवला हे वाचण्याची एक किल्लीही आज ग्राहकाच्या हाती आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार बँका, कंपन्या आणि सरकारी खात्यांना ग्राहकांना संदेश पाठवण्यासाठी आपले नाव आणि मजकुराचे नमुने नोंदवावे लागतात. ८ मार्च २०२१ रोजी या नोंदणीची काटेकोर तपासणी सुरू झाली तेव्हा देशभर कित्येकांचे ओटीपी अडकून बसले आणि ती व्यवस्था सात दिवसांसाठी स्थगित करावी लागली. तो दिवस बँकांच्या शाखांतून आणि दुकानांतून पुष्कळांच्या लक्षात असेल. आता खऱ्या संस्थेचा संदेश दहा अंकी क्रमांकावरून येत नाही. तो नोंदणीकृत नावाने येतो. महावितरणचे संदेश व्हीएम-एमएसईडीसीएल, व्हीके-एमएसईडीसीएल, एएम-एमएसईडीसीएल, जेएम-एमएसईडीसीएल अशा नावांनी येतात, असे कंपनीने त्या काळात जाहीर केले होते. रेघेआधीच्या दोन अक्षरांपैकी पहिले दूरसंचार कंपनीचे आणि दुसरे सेवाक्षेत्राचे असल्याने ती बदलतात. त्यात संशय घेण्याचे कारण नाही. २०२५ च्या मे महिन्यापासून नावाच्या शेवटी आणखी एक अक्षर दिसू लागले आहे. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार आणि जी म्हणजे सरकारी. ‘आपले खाते बंद होत आहे’ असे सांगणाऱ्या संदेशाच्या शेवटी पी असेल, तर तो बँकेचा इशारा नव्हे.

तथापि ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागेल, असे समजू नये. मे २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने आठ नोंदणीकृत संस्थांना काळ्या यादीत टाकले, कारण त्यांच्या नावांवरून तीन महिन्यांत दहा हजारांहून अधिक फसवे संदेश गेले होते. त्या संस्थांची ७३ नावे आणि १,५२२ मजकूर-नमुने बाद करण्यात आले. दहा अंकी क्रमांकावरून आलेला बँकेचा संदेश खोटा, हे निश्चित. पण नोंदणीकृत नावाने आलेला प्रत्येक संदेश खराच, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

लिंकच्या बाबतीतही थोडे अक्षरज्ञान लागते. पत्त्याच्या सुरुवातीला बँकेचे नाव दिसले की लोक निःशंक होतात. परंतु सुरुवातीला कोणाचेही नाव घालता येते. पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरक्या रेषेच्या लगेच आधी काय आहे, यावर तो कोणाचा हे ठरते. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाकडे नेण्यास सांगितले, त्यामागे हेच कारण होते. हा शेवट केवळ बँकांनाच मिळतो. तरीही संदेशातील लिंक न उघडता पत्ता स्वतः टाकण्याची किंवा बँकेचे अ‍ॅप उघडण्याची सवय अधिक भरवशाची. मुंबईत फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस एका खासगी बँकेच्या सुमारे चाळीस ग्राहकांनी तीनच दिवसांत लाखो रुपये गमावले, ते केवायसी आणि पॅन अद्ययावत करण्याचा संदेश उघडून त्यातील लिंकवर आपली माहिती स्वतःच्या हाताने भरल्यामुळे. त्यांत शिकलेले, नावाजलेले, इंग्रजी उत्तम जाणणारे लोक होते.

दुकानात वेगळाच प्रकार घडतो आणि व्यापारी घरांना तो अधिक जवळचा आहे. फोनवरून मालाची मागणी येते, रक्कम १,५०० रुपये ठरते. क्षणात मोबाइलवर ‘आपल्या खात्यात १५,००० रुपये जमा’ असा बँकेच्या थाटाचा संदेश येतो आणि लगोलग घाबऱ्या आवाजात फोन येतो, की चुकून एक शून्य जास्त पडले, दवाखान्याचे पैसे होते, वरचे साडेतेरा हजार तेवढे परत पाठवा. येथेही लोभ नाही. दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे राहू नयेत, ही वृत्ती आहे. जमा झालेले काहीच नसते, तो संदेश साध्या मोबाइल क्रमांकावरून टंकलेला असतो. रक्कम आली की नाही हे संदेशात पाहू नये, खात्यात पाहावे. खरोखर चुकून आलेली असल्यास पाठवणाऱ्याने आपल्या बँकेकडे अर्ज करावा आणि ती बँकेमार्फत परत जावी, असे सांगण्यात कोणतीही कठोरता नाही. पैसे ‘घेण्यासाठी’ यूपीआयचा पिन टाकण्यास सांगणारा तर सरळच खोटा. पिन केवळ देण्यासाठी असतो.

टपाल खात्याचे पार्सल पत्ता अपुरा असल्याने अडकले आहे, वाहनाचा दंड भरावयाचा राहिला आहे, प्राप्तिकराचा परतावा मंजूर झाला आहे, अशा संदेशांची जात एकच. अलीकडे मात्र लग्नपत्रिकेच्या रूपाने येणारी फाइल अधिक घातक ठरत आहे. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ती पत्रिका नसते, ते अ‍ॅप असते. ते मोबाइलमध्ये बसले आणि एसएमएस वाचण्याची परवानगी त्याला मिळाली, की बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडे जाऊ लागतात. ज्या समाजात लग्नसराईत दिवसाला चार पत्रिका येतात आणि क्षमापनेच्या दिवशी संदेशांचा पूर लोटतो, तेथे ही फाइल उघडली जाण्याची शक्यता अर्थातच अधिक. शिवाय ती पुष्कळदा ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरून येते, कारण त्याचा मोबाइल आधीच ताब्यात गेलेला असतो. पत्रिका चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात येते. ती पाहण्यासाठी काही ‘इन्स्टॉल’ करावे लागत नाही.

घराच्या आणि पेढीच्या व्यवस्थेत थोडे फेरफार केल्याने पुष्कळ धोका आपोआप कमी होतो. दुकानाच्या चालू खात्याला जोडलेला मोबाइल आणि दिवसभर सर्वांच्या हाती फिरणारा, मुले ज्यावर खेळ खेळतात तो मोबाइल, हे एकच असू नयेत. यूपीआय मोठ्या खात्याला न जोडता, थोडी शिल्लक असलेल्या वेगळ्या खात्याला जोडता येते आणि संध्याकाळी रक्कम मुख्य खात्यात वळती करता येते. गल्ल्यात दिवसाचीच रोकड ठेवून बाकीची तिजोरीत ठेवण्याची जुनी पद्धत यापेक्षा निराळी नव्हती. कार्डाच्या आणि नेट बँकिंगच्या दैनिक मर्यादा कमी करून घेता येतात. हंगामात वाढवाव्यात, हंगाम संपला की पुन्हा उतरवाव्यात. टॅलीच्या कामासाठी दुरून चालवण्याचे अ‍ॅप लागत असल्यास ते संगणकावरच असावे, बँकेचा ओटीपी येणाऱ्या मोबाइलवर नसावे.

एवढे करूनही कोणीतरी फसेल. त्या क्षणी काय होते, याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे, कारण पैसे बुडण्याचे प्रमाण तेथेच ठरते. मुलगा वडिलांना सांगत नाही, सासू सुनेला सांगत नाही, मुनीम शेटजींना सांगत नाही. बाजारात बोभाटा होईल, पत जाईल, या भीतीने रात्र जाते. सकाळी गुपचूप बँकेत जावे असे ठरते, तोवर रक्कम चार खात्यांतून फिरून निघून गेलेली असते. चोरीच्या पैशाची वाट तासांत मोजली जाते. ती वाट मध्येच अडवण्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२१ मध्ये मदत क्रमांक सुरू केला. तो प्रारंभी १५५२६० होता, आता १९३० आहे. त्यावर तक्रार नोंदताच संबंधित बँकांना सूचना जाते आणि पैसा ज्या खात्यात पोहोचला असेल तेथे तो रोखून धरण्याचा प्रयत्न होतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवरही तक्रार करता येते. फोन करताना खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक जवळ असावा. त्याच वेळी बँकेला कळवून कार्ड आणि नेट बँकिंग बंद करावे आणि मोबाइलचे इंटरनेट तोडावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. सेलूच्या दुकानदाराला त्यासाठी वर्ध्याला धावण्याची सक्ती नाही.

नुकसान कोणाचे, याचा नियम रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिला आणि त्याच वर्षी १४ डिसेंबर रोजी तो सहकारी बँकांनाही लागू केला. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच भार नाही. चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाचे दायित्व शून्य; चार ते सात दिवसांत कळवल्यास ते मर्यादित राहते. सर्वसाधारण बचत खात्याला ही मर्यादा १०,००० रुपये, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या चालू खात्याला तेवढीच आणि इतर मोठ्या चालू व कॅश क्रेडिट खात्यांना २५,००० रुपये ठरवण्यात आली. अशा प्रकरणात बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा दाखवावयाची असते आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवर असते. मात्र ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सर्व नुकसान त्याचे स्वतःचे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे स्वतःच्या चुकीने फसलेल्यालाही कळवण्याची घाई करण्यात लाभच आहे. त्याची सीमारेषा त्याने फोन केला त्या मिनिटाला आखली जाते. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

व्यापाऱ्यांना या व्यवस्थेची दुसरी बाजूही ठाऊक असावी. चोरलेल्या पैशातून कोणी दुकानात येऊन माल नेला, तर तक्रारीचा माग काढत ती सूचना दुकानदाराच्या खात्यापर्यंत येते आणि तेवढी रक्कम, प्रसंगी संपूर्ण खातेच, गोठते. अशा वेळी बिल, चलन, मालाच्या पोचपावतीवरची सही हेच कामी येते. अनोळखी ग्राहकाने मोठी रक्कम दिली तर बिलावर त्याचे नाव आणि मोबाइल क्रमांक असलाच पाहिजे. याहून गंभीर गोष्ट म्हणजे भाड्याने दिली जाणारी खाती. ‘तुमचे चालू खाते महिनाभर वापरू द्या, शेकडा इतके मिळतील’ असा निरोप घेऊन येणारे लोक विशेषतः नव्याने धंद्यात पडलेल्या तरुणांना गाठतात. फसवणुकीचा पैसा फिरतो तो अशाच खात्यांतून. आणि पोलिसांना प्रथम सापडतो तो खातेदार, पडद्यामागचा माणूस नव्हे.

फसवा संदेश आला आणि कोणी फसले नाही, तरी तो पुसून टाकण्यापूर्वी कळवण्याची सोय आहे. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर ४ मार्च २०२४ पासून ‘चक्षु’ नावाची व्यवस्था सुरू झाली. पैसे गेले नसतील अशा संशयित संदेशांची आणि फोनची नोंद तेथे करता येते. तिच्यावर विजेच्या केवायसीच्या नावाने येणाऱ्या संदेशांविषयी पाच क्रमांक नागरिकांनी कळवले होते. विभागाने त्यांचा माग काढला तेव्हा त्या पाच क्रमांकांमागे ३९२ मोबाइल संच आणि त्यांवर वापरलेले ३१,७४० क्रमांक उघडकीस आले. जून २०२४ मध्ये ते सर्व संच देशभर बंद करण्याचा आणि त्या क्रमांकांची फेरपडताळणी करण्याचा आदेश निघाला.